आवाज हलता पाहिजे: सॉफ्टवेअर सिंथमधला एलएफओ आणि मॉड्युलेशन, पहिल्यापासून

कोल्हापुरात घरातच स्टुडिओ थाटलेली पोरं आता प्रत्येक पेठेत सापडतात, एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, दोन सप्तकांचा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता कुठली की दाबली ते लॅपटॉपला कळवणारा) आणि हेडफोन, बास, एवढ्यावर मंडळाची गाणी, शॉर्टफिल्मचं बॅकग्राउंड, आरत्यांची नवीन अरेंजमेंट सगळं चालू असतंय. आणि यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो, की सिंथमधला, म्हणजे लॅपटॉपवर आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअर वाद्यातला, तयार प्रीसेट दाबला की लई भारी वाजतोय, पण तसाच आवाज आपण शून्यापासून करायला घेतला की सपाट का वाटतो? वेव्ह तीच घेतली, फिल्टर (आवाजातला काही भाग कापणारा) तोच लावला, रिव्हर्ब (घुमारा) टाकला, तरी तो जिवंतपणा येत नाही. बहुतेक वेळा कारण असं असतं की प्रीसेट करणाऱ्यानं आत कुठंतरी तीन-चार मॉड्युलेशन, म्हणजे सिंथचे नॉब आपोआप हलवत ठेवणाऱ्या गोष्टी, जोडलेली असतात, आणि आपण एकही जोडलेलं नसतं. सिंथ शिकताना मी पोरांना रिव्हर्ब आणि इफेक्टच्या आधी हेच शिकायला सांगतो, त्यामुळं हा लेख जरा लांबला तरी चालेल, पण नीट समजलं पाहिजे.

आधी आवाज हलायला का पाहिजे ते बघू. खरं वाद्य कधीच स्थिर वाजत नाही. आपल्या शेजारी मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना जीआय टॅगपण मिळाला, तिथं एखाद्या कारागिराला जवारी काढताना जरूर ऐका. घोडीचा माथा किंचित गोलाईत घासलेला असतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात, आणि मग तार छेडली की ती घोडीला निसटती स्पर्श करत राहते, त्यामुळं एक हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतला वरचा सूर, पुढं येतो, तो मागं जातो तोवर दुसरा उमलतो, मग तिसरा. तार एक, स्वर एक, पण रंग दर क्षणाला बदलतोय. सॉफ्टवेअरमधला साधा ऑसिलेटर याच्या बरोबर उलटा आहे, तो लाटेची एक सायकल घेतो आणि तीच सेकंदाला शेकडो वेळा जशीच्या तशी देत राहतो, तसूभर फरक नाही. दोन-तीन सेकंदांत कानाला कळतं की इथं पुढं काही होणार नाही, आणि कान लक्ष काढून घेतो.

आता ऑसिलेटर म्हणजे काय, तर ठरावीक वेगानं वरखाली होणारा सिग्नल, एवढंच. तो सेकंदाला ४४० वेळा वरखाली झाला की ४४० हर्ट्झ, आणि स्पीकरकडं पाठवला की स्वर म्हणून ऐकू येतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. हाच ऑसिलेटर २० च्या खाली आणला, म्हणजे सेकंदाला दोनदा किंवा पाच सेकंदांतून एकदा असा हळू केला, तर तो स्वतः ऐकू येणार नाही, पण त्याचं वरखाली होणं आपण दुसऱ्या कशाला तरी जोडू शकतो. याला लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर म्हणतात, सगळे एलएफओच म्हणतात. फिल्टरच्या नॉबवर एक हात ठेवलाय आणि तो हात न थकता एकाच लयीत नॉब पुढंमागं फिरवतोय असं समजा, तो हात म्हणजे एलएफओ. किती वेगानं फिरवायचं ते रेट, किती लांबपर्यंत फिरवायचं ते डेप्थ किंवा अमाउंट, कसं फिरवायचं, सावकाश की झटक्यानं, ते लाटेचा आकार, आणि कुठला नॉब फिरवायचा ते डेस्टिनेशन. सिंथ कितीही महागडा असू दे, मॉड्युलेशनमधले निर्णय फिरून फिरून या चारांपाशीच येतात.

ही कल्पना सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीची आहे. १९७० मध्ये आलेल्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर होते आणि वेगळा एलएफओ नव्हता, तर तिसरा ऑसिलेटर कीबोर्डपासून तोडून अगदी खालच्या रेंजला न्यायचा आणि त्यानंच बाकीच्यांचा पिच किंवा फिल्टर हलवायचा अशी सोय होती. म्हणजे आवाज देणारा आणि आवाज हलवणारा ही एकच जात, फरक फक्त वेगाचा आणि तो कुठं जोडलाय त्याचा. हे लक्षात ठेवा, पुढं एफएमपाशी, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनपाशी, याचाच उपयोग होणार आहे.

करून बघायला पैसे लागत नाहीत. व्हायटल नावाच्या सिंथची फुकट आवृत्ती आहे, सर्ज एक्सटी हा सिंथ तर पूर्ण ओपन सोर्स आहे, दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात. व्हायटल उघडा, इनिट प्रीसेट घ्या म्हणजे सगळं कोरं, पहिल्या ऑसिलेटरला सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लाट) द्या, फिल्टर चालू करून लो-पास ठेवा, म्हणजे कटऑफ या रेषेच्या वरचे सूर तो कापेल, आणि रेझोनन्स, म्हणजे त्या रेषेपाशीचा उठाव, बऱ्यापैकी वर न्या. आता एलएफओ १ धरून कटऑफच्या नॉबवर ओढून सोडा, जोडणी झाली. रेट सेकंदांच्या मोडमध्ये घेऊन एक फेरी दहा सेकंदांची करा, म्हणजे ०.१ हर्ट्झ. काळी एकचा खालचा सा धरून ठेवा, तो साधारण १३८.६ हर्ट्झचा असतो. सॉ वेव्हमध्ये त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे हार्मोनिक आधीपासूनच असतात, २७७, ४१६, ५५४, ६९३ वगैरे, आणि रेझोनन्सवाला कटऑफ हळूहळू वर सरकत ज्याच्यापाशी पोचतो तो हार्मोनिक उठून गातो. तिसऱ्यापाशी वरचा पंचम ऐकू येईल, पाचव्यापाशी गंधार. तंबोऱ्यात होतं त्याच्या जवळचं काहीतरी तुम्ही एका ऑसिलेटरवर आणि एका एलएफओवर केलंत. तंबोरा नाही झाला तो, पण पॅडमध्ये, म्हणजे मागं लांब धरून ठेवलेल्या आवाजात, जीव कसा येतो ते कानाला कळलं.

आता कुठं काय जोडलं की काय होतं ते. पिचला जोडला की व्हायब्रॅटो. गायकांचा व्हायब्रॅटो साधारण सेकंदाला ५ ते ७ वेळा असतो, त्यामुळं ५.५ च्या आसपास ठेवलं की कानाला ओळखीचं वाटतं. खोली, म्हणजे डेप्थ, सेंटमध्ये मोजतात, एका सेमीटोनचे १०० सेंट. अर्धा सेमीटोन वर आणि अर्धा खाली म्हटलं तर ४४० हर्ट्झचा स्वर ४२७.५ ते ४५२.९ च्या मध्ये झुलतो, हे सिंथवर बरंच जास्त वाटतं, मी १० ते २० सेंटपासून सुरू करतो. आवाजाच्या पातळीला जोडला की ट्रेमोलो, पॅनला जोडला की आवाज डावीकडून उजवीकडं जातो, याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, दोन मिनिटांत हाताला बसतं. पण स्क्वेअर वेव्हच्या पल्स विड्थला एलएफओ लावणं हे प्रत्येकानं शांतपणे ऐकावं अशी गोष्ट आहे. स्क्वेअरमध्ये लाट अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली असते, ५० टक्के, तेव्हा फक्त विषम हार्मोनिक असतात, ही रुंदी ५० वरून सरकवली की सम हार्मोनिकही आत येतात, आणि ती सतत सरकत राहिली तर एकाच ऑसिलेटरमधून दोन ऑसिलेटर थोडे बेसूर करून एकत्र वाजवल्यासारखा भरदार आवाज येतो. जुन्या ॲनालॉग स्ट्रिंगचा तो उबदारपणा बऱ्याचदा यातूनच यायचा. वेव्हटेबल सिंथमध्ये याचा मोठा भाऊ आहे, वेव्हटेबल पोझिशन. तिथं एकामागोमाग ठेवलेल्या बऱ्याच लाटा असतात आणि पोझिशनचा नॉब त्यातून फिरतो, त्याला सावकाश एलएफओ लावला की आवाजाचा पूर्ण स्वभावच बदलत राहतो. मला विचाराल तर वेव्हटेबल सिंथ घेऊन पोझिशन स्थिर ठेवणं म्हणजे तो सिंथ वापरलाच नाही.

लाटेचे आकार. साइन गोल वळणानं जातो, टोकाला थोडा रेंगाळतो, त्यामुळं व्हायब्रॅटोला चांगला. ट्रँगल सरळ रेषेत चढतो उतरतो, फिल्टरच्या लांब स्वीपला हा जास्त सम वाटतो. सॉ एका बाजूला सावकाश आणि दुसऱ्या बाजूला एकदम, उतरता सॉ आवाजाच्या पातळीला लावला की प्रत्येक फेरीला ठोका मिळतो, चढता सॉ लावला की आवाज मागं ओढल्यासारखा येतो. स्क्वेअर दोनच जागा ओळखतो, पिचला लावून नेमकं अंतर दिलं की दोन स्वरांत उड्या. मात्र स्क्वेअर किंवा सॉ पातळीला लावल्यावर टक टक असा क्लिक येतो कारण आवाज शून्य वेळात बंद-चालू होतोय, त्यासाठी व्हायटलमध्ये स्मूथ नावाचा नॉब आहे, दुसऱ्या सिंथमध्येही याच कामाचं काहीतरी असतंय, अगदी थोडा वर न्या, क्लिक जातो आणि ठोका राहतो. सॅम्पल अँड होल्ड दर फेरीला कुठलातरी रँडम आकडा घेऊन तिथंच थांबतो, जुन्या सायन्स फिक्शन पिक्चरमध्ये कॉम्प्युटर विचार करतोय असं दाखवताना जो टिडुप टिडुप आवाज यायचा तो या घराण्यातला. शिवाय आता बहुतेक सिंथमध्ये लाट आपली आपण काढता येते, माउसनं ठिपके टाकायचे आणि रेषा वाकवायच्या, याचा खरा फायदा तालाच्या वेळी होतो.

त्याआधी आंदोलन. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारचे गवई होते, जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली, देवल क्लबमध्ये आजही मैफली होतात, तर या गावात बसून सिंथवर पिच हलवायचा विषय निघाला आणि आंदोलन आठवलं नाही असं होऊ नये. दरबारी कानड्याचा कोमल गंधार घ्या. तो नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा खाली असतो आणि एका जागी उभा राहत नाही, रिषभाच्या बाजूला सावकाश झुकतो आणि परत येतो. पोरं लीड पॅचवर, म्हणजे मुख्य चाल वाजवणाऱ्या आवाजावर, सरसकट व्हायब्रॅटो लावतात आणि म्हणतात आपला आवाज हिंदुस्तानी वाटत नाही. वाटणार कसा, व्हायब्रॅटो वेगवान असतो आणि मधल्या स्वराच्या दोन्ही बाजूंना सारखा जातो, आंदोलन सावकाश असतं आणि एका बाजूला ओढलेलं असतं. म्हणजे एलएफओच्या भाषेत रेट १ ते २ हर्ट्झच्या आसपास, आणि लाट युनिपोलर, खालच्या दिशेनं. बायपोलर म्हणजे मधल्या रेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडं, युनिपोलर म्हणजे फक्त एका बाजूला. बहुतेक सिंथमध्ये प्रत्येक जोडणीला हे वेगळं ठरवता येतं. खोली ३०-४० सेंटपासून सुरू करून कानानं ठरवा, आकार साइनपेक्षा हातानं काढलेला बरा, वर थोडा जास्त वेळ थांबणारा.

पण यात अडचण अशी की एलएफओला राग कळत नाही. तो लावला की सा पण झुलणार आणि पंचमपण झुलणार, आणि दरबारीत षड्ज झुलला तर सगळंच संपलं. म्हणून डेप्थ थेट ठरवायची नाही, ती मॉड्युलेशन व्हीलला बांधायची. कीबोर्डच्या डाव्या बाजूची ती चाकं असतात ना, एक पिच बेंड आणि एक मॉड्युलेशन, दुसरं चाक मिडीमध्ये कंट्रोल नंबर १ म्हणून जातं, आपल्याकडं बेंजो पार्टीतले कीबोर्डवाले हे चाक डोळे झाकून वापरतात. व्हायटलमध्ये एलएफओ पिचला जोडायचा आणि त्या जोडणीची अमाउंट मॉड व्हीलवर द्यायची, म्हणजे चाक खाली असेल तेव्हा स्वर एकदम स्थिर आणि गंधारावर आलात की अंगठ्यानं चाक वर, हळूहळू आंदोलन येतं आणि उतरताना परत जातं. एलएफओ फक्त हलवायचं काम करतो, केव्हा आणि किती हे वाजवणाऱ्याच्या हातात राहतं. माझ्या मते मॉड्युलेशन शिकताना ही सगळ्यात मोठी पायरी आहे, की एका मॉड्युलेशनचं प्रमाण दुसऱ्यानं ठरवायचं. व्हील नसेल तर व्हेलॉसिटी वापरा, की जोरात दाबली तर जास्त हलेल. तेही नको असेल तर एलएफओला डिले किंवा फेड-इन द्या, स्वर लागल्यावर अर्ध्या सेकंदानं कंप सुरू होतो, आणि भावगीताच्या इंटरल्यूडमधल्या बासरीसारख्या पॅचला एवढ्यानंच फुंकर आल्यासारखं वाटतं.

आता ताल. एलएफओचा रेट हर्ट्झमध्ये ठेवला तर तो गाण्याशी सुटा चालतो, सिंक केला तर प्रोजेक्टच्या टेम्पोला बांधला जातो. हिशोब सोपा आहे, ६० भागिले बीपीएम (मिनिटाला किती बीट) केलं की एका बीटचे सेकंद मिळतात. १२० बीपीएमला एक बीट अर्ध्या सेकंदाची, म्हणजे २ हर्ट्झ. १०० ला ०.६ सेकंद, म्हणजे १.६७ हर्ट्झ. सिंकच्या यादीत १/४, १/८, १/१६ असे आकडे असतात, डॉटेड आणि ट्रिप्लेटही असतात, आणि इथंच आपल्याकडच्या गाण्यांची गंमत आहे. यूट्यूबवरचे बहुतेक ट्युटोरियल चार-चारच्या डान्स म्युझिकसाठी केलेले असतात, ते बघून पोरगा दादऱ्यातल्या गाण्याला एका पूर्ण बारच्या फेरीचा एलएफओ लावतो, लाटेचं चित्रही आठ घरांचं तसंच ठेवतो, आणि त्याला कळत नाही की पॅड तालाच्या अंगावर का येतोय.

दादरा सहा मात्रांचा, धा धी ना, धा ती ना. एक मात्रा म्हणजे एक आठवा भाग धरला आणि टेम्पो १०० असला तर मात्रा ०.३ सेकंदाची, पूर्ण आवर्तन १.८ सेकंदाचं. तर एलएफओची एक फेरी डॉटेड हाफ ठेवा, ती बरोबर सहा आठव्या भागांची होते, आणि लाट काढायच्या खिडकीत ग्रीड आठच्या जागी सहा घरांचा करा. आता पहिल्या घरात उंच टोक, चौथ्यात त्यापेक्षा थोडं कमी, बाकीच्यांत लहान लहान उंचवटे, आणि हे फिल्टरच्या कटऑफला जोडा. पॅड धरून ठेवलेला असला तरी आतून दादरा चालू राहतो, तबल्याच्या पायात येत नाही, उलट त्याला धरून चालतो. केहरव्याला ग्रीड आठ घरांचा, फेरी एका पूर्ण बारची. घरातल्या उंचवट्यांना धारदार काढण्यापेक्षा किंचित उतार द्या, आणि खोली इतकीच ठेवा की पॅड बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं पण चालू असताना तो तबल्यावर कुरघोडी करणार नाही.

तालात वापरताना रीट्रिगर समजून घ्यावाच लागतो. रीट्रिगर चालू असेल तर प्रत्येक नवीन की दाबली की लाट पहिल्यापासून सुरू होते, आणि कुठून सुरू होते ते फेज ठरवते. फ्री-रन असेल तर एलएफओ मागं आपला चालूच असतो, तुम्ही की कधी दाबता याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. बास लाइनला रीट्रिगर पाहिजे, नाहीतर एक स्वर उघडा लागेल आणि दुसरा दबलेला. पॅडला फ्री-रन बरा, कारण तिथं प्रत्येक वेळी थोडं वेगळं लागणं हीच मजा आहे. आणि वरच्या दादऱ्यासारख्या कामाला एलएफओ गाण्याच्या टाइमलाइनला बांधणारा मोड पाहिजे, व्हायटलमध्ये त्याला सिंक मोड म्हणतात, मग की कुठंही दाबा, सम सुटत नाही.

पॉली आणि मोनो हेही याच्याच शेजारी. पॉलीमध्ये प्रत्येक स्वराला स्वतःचा एलएफओ मिळतो, तुम्ही सा दाबला, जरा वेळानं पंचम दाबला, तर दोघांचे कंप वेगवेगळ्या जागी असतात आणि वाद्यवृंदात दोन माणसं वाजवतात तसं पसरट वाटतं. मोनोमध्ये सगळे स्वर एकत्र हलतात, ऑर्गन फिरत्या स्पीकरमधून वाजवल्यावर जसं होतं तसं. सर्जमध्ये यासाठी व्हॉइस एलएफओ आणि सीन एलएफओ असे दोन गटच वेगळे ठेवलेत, हे मला फार आवडतं कारण जोडतानाच विचार करावा लागतो.

एलएफओ फिरत राहिलाच पाहिजे असंही नाही. वन-शॉट किंवा एन्व्हलप मोडला ठेवला की एक फेरी करून थांबतो. हलगी-घुमक्यातल्या घुमक्याखाली जरा वजन पाहिजे असेल तर साइन वेव्ह ५०-६० हर्ट्झला ठेवा, पिचला एक उतरती लाट वन-शॉटमध्ये द्या, एक सप्तक वरून खाली ५०-६० मिलिसेकंदांत, आणि पातळीला थोडी लांब उतरती लाट. वर खरी हलगी रेकॉर्ड केलेलीच असू दे. हलगीच्या कातड्याची ती कडक थाप आणि वाजवणाऱ्याच्या बारीक काडीची बोली सिंथमधून काढायच्या मागं लागू नका, रंकाळ्यावर किंवा तालमीपाशी वाजवणारे आहेत, त्यांना बोलवा, त्यांना पैसे द्या, आणि सिंथला फक्त खालचा धक्का द्यायला ठेवा.

रँडमकडं परत येऊ. जुन्या ॲनालॉग सिंथचे ऑसिलेटर तापमानानं सरकायचे, वाजवताना पुन्हा पुन्हा ट्यून करावे लागायचे, आणि आज सगळ्यांना तोच हलका सरकाव परत पाहिजे असतो. तो करायला सावकाश, गुळगुळीत रँडम घ्यायचा, प्रत्येक ऑसिलेटरच्या फाइन ट्यूनला वेगळा, खोली ३ ते ५ सेंट. ऐकताना पिच हलतोय असं कळतच नाही, पण काढून टाकला की पॅड एकदम प्लास्टिकचा वाटतो. रँडम नको असेल तर दोन साधे एलएफओ वेगवेगळ्या वेगानं लावायचे, एक ०.१३ हर्ट्झ फिल्टरला आणि एक ०.२१ हर्ट्झ वेव्हटेबल पोझिशनला. पहिल्याची फेरी ७.७ सेकंदांची, दुसऱ्याची ४.८ सेकंदांची, आणि दोघं परत पहिल्या जागी एकत्र यायला १०० सेकंद लागतात, तोवर एका फेरीतल्यासारखी दुसरी नसते. शॉर्टफिल्ममध्ये दीड मिनिट एकच सूर धरून ठेवायचा असतो अशा ठिकाणी हे फार कामाचं आहे, आणि प्रोसेसरवर काही भार पण नाही. पुढं जाऊन एका एलएफओनं दुसऱ्याचा रेट हलवता येतो, म्हणजे कंप आधी सावकाश, मग वेगात, मग परत सावकाश, पण हे थोडंच वापरा.

आता वेग वाढवत नेऊ. पिचला एलएफओ लावलाय, ५ हर्ट्झला व्हायब्रॅटो, १० ला थरथर, १५ ला घुर्रर्र, आणि २० च्या पुढं नेत गेलात की एक जागा अशी येते की हलणं ऐकू येणं बंद होतं आणि आवाजाचा रंगच बदललेला असतो, हाच एफएम. १९६७ मध्ये स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार कॉम्प्युटरवर टोकाच्या व्हायब्रॅटोचे प्रयोग करत होते, वेग आणि खोली दोन्ही वाढवत नेली तेव्हा त्यांच्या कानाला हे पहिल्यांदा लागलं. त्यांचा याविषयीचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, स्टॅनफर्डकडून यामाहानं परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ आला, सहा ऑपरेटर (एफएममधले ऑसिलेटर), ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या तऱ्हा), आणि त्या दशकातले इलेक्ट्रिक पियानो, घंटा आणि बास ऐकले असतील तर हा सिंथ तुम्ही नक्कीच ऐकलाय. फुकटचा डेक्स्ड नावाचा प्लगइन त्याचीच सॉफ्टवेअर नक्कल आहे.

आत काय होतंय ते आकड्यांत बघा. ज्याचा पिच हलतोय तो कॅरियर, जो हलवतोय तो मॉड्युलेटर. कॅरियर २०० हर्ट्झ आणि मॉड्युलेटर २८० असेल तर कॅरियरच्या दोन्ही बाजूंना २८०-२८० च्या अंतरावर नवीन स्वर तयार होतात, वर ४८०, ७६०, १०४०, खाली उणे ८०, उणे ३६०, आणि हे उणे परत ८० आणि ३६० म्हणून वर उमटतात. यांना साइडबँड म्हणतात. हे आकडे एकमेकांच्या सरळ पटीत नाहीत म्हणून कानाला धातूची घंटा ऐकू येते, चाउनिंग यांनी घंटेसाठी नेमकं हेच १ ला १.४ प्रमाण वापरलं होतं. तेच मॉड्युलेटर पण २०० ला ठेवला तर साइडबँड ४००, ६००, ८०० असे येतात, म्हणजे नेहमीचा सुरेल हार्मोनिकवाला आवाज. मॉड्युलेटर ४०० केला तर २००, ६००, १०००, फक्त विषम, स्क्वेअरसारखा पोकळ. किती साइडबँड ऐकू येतील ते खोलीवर ठरतं, खोली वाढवली की आवाज उजळ होत जातो. म्हणून एफएममध्ये फिल्टरची गरजच कमी पडते, मॉड्युलेटरच्या खोलीला एक उतरतं एन्व्हलप लावलं की आवाज सुरुवातीला लख्ख आणि मग मऊ, घंटा खरंच तशीच विझते.

इथं नेहमीच्या एलएफओपेक्षा वेगळं लक्षात ठेवायचं ते असं, की मॉड्युलेटर कीबोर्डबरोबर वरखाली झाला पाहिजे. तो २८० हर्ट्झला ठोकून ठेवला तर प्रत्येक कीला प्रमाण बदलणार आणि प्रत्येक स्वराचा रंग वेगळा लागणार. यासाठी कीट्रॅक चालू करायचं किंवा थेट दुसरा ऑसिलेटर मॉड्युलेटर म्हणून वापरायचा. व्हायटलमध्ये पहिल्या ऑसिलेटरच्या मोडमध्ये दुसऱ्याकडून एफएम घ्यायचा पर्याय आहे, दुसऱ्याची पातळी शून्य करा म्हणजे तो स्वतः ऐकू येणार नाही, नुसता हलवायचं काम करेल. मिनीमूगचा तिसरा ऑसिलेटर आठवा. पिचच्या जागी पातळी याच वेगानं हलवली तर काय, तर साइडबँड दोनच येतात, बेरीज आणि वजाबाकी. ४४० ला १०० नं हलवलं की ५४० आणि ३४०, मूळ ४४० सोबत राहिला तर ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, तो गेला तर रिंग मॉड्युलेशन. भूतपटाच्या सीनला आणि रोबोटच्या आवाजाला हे झटपट होतं.

एवढ्या वेगात गेल्यावर सॉफ्टवेअरची एक मर्यादा पुढं येते. प्रोजेक्ट ४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पल रेटवर असेल तर त्यात जास्तीत जास्त २२,०५० हर्ट्झपर्यंतचाच स्वर मावतो, आणि एफएमचे साइडबँड सहज त्याच्या वर जातात. वर गेलेला स्वर गायब होत नाही, तो त्या रेषेवर आपटून खाली वळतो आणि भलत्याच जागी बेसूर किचकिच म्हणून ऐकू येतो, याला एलियासिंग म्हणतात. वरच्या पट्टीत वाजवल्यावर एफएम आवाज अचानक घाण होतोय असं वाटलं तर पहिला संशय याच्यावर घ्या. सिंथमध्ये ओव्हरसॅम्पलिंग असतं, दोनपट चारपट, ते वाढवा, मशीन जरा तापेल, किंवा वरच्या कींना मॉड्युलेशनची खोली कीट्रॅकनंच कमी करा, मला दुसरा उपाय जास्त आवडतो कारण खरी वाद्यंही वरच्या पट्टीत कमी हार्मोनिक देतात.

आणि शेवटी एक्स्पोर्टबद्दल, कारण यावरून क्लायंटसोबत वाद होतात. फ्री-रन आणि रँडम मॉड्युलेशन असलेला पॅच दर वेळी प्ले केल्यावर वेगळ्या जागेवरून सुरू होतो, त्यामुळं दिग्दर्शकाला काल पाठवलेल्या फाइलमध्ये जो सुंदर स्वीप संवादाच्या आधी आला होता तो आजच्या फाइलमध्ये संवादाच्या डोक्यावर येऊ शकतो. पॅड आवडला त्या क्षणी तो ट्रॅक ऑडिओमध्ये बाउन्स करून ठेवा, दोन-तीन वेगवेगळे टेक काढा, त्यातला चांगला निवडा, आणि मूळ मिडी ट्रॅक म्यूट करून प्रोजेक्टमध्येच राहू द्या, नंतर चाल बदलली तर लागतो.